वनरक्षक व्हायला निघालेल्या लेकीस

नाशिक,
रविवार दुपार

चि. सोनूस,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू विचारलंस, "आई, वनरक्षकाचा फॉर्म भरू का?" आणि मी "बघू" म्हणून विषय बदलला, कारण बाबा समोरच जेवत होते. त्यांचं म्हणणं तुला पाठ आहे. बीएस्सी झालेल्या मुलीनं बारावीच्या पात्रतेची नोकरी कशाला धरायची? बारावीला विज्ञान, गणित, भूगोल, अर्थशास्त्र यांतला एक विषय असला तरी चालतो, हे त्यांनी कुठूनसं शोधून काढलंय आणि तेव्हापासून ते "भूगोलवाल्यांबरोबर पळणार का?" असं विचारतात. भूगोलवाल्यांनी त्यांचं काय घोडं मारलंय देव जाणे.

माझं म्हणणं सांगते. भर. एमपीएससीची वनसेवाही दे, वनस्पतीशास्त्राची पदवी तिथेही चालते आणि वनक्षेत्रपाल झालीस तर पेढे मीच वाटीन. पण वनरक्षकाकडे तोवरची सोय म्हणून बघणार असशील तर भरू नकोस. बीट, म्हणजे राखायला दिलेला जंगलाचा तुकडा, मिळाली की ते रान तुझ्या नावावर असतं. तिथलं एक खैराचं खोड तुटलं तरी पहिला प्रश्न तुलाच विचारतात.

तयारीचं म्हणशील तर तू बोलतेस ते सगळं धावण्याचं. मागच्या, म्हणजे २०२३ च्या भरतीत वनरक्षकाच्या २१३८ जागा होत्या, लेखीला १२० गुण आणि धावण्याला ८०, तेव्हा तुझी धावपळ समजू शकते. तीन किलोमीटर तू काढशील. गोल्फ क्लबच्या मैदानावर आणि पांडवलेणीच्या पायऱ्यांवर तू घाम गाळलायस तो वाया जायचा नाही. उंचीची अट मुलींना १५० सेंटिमीटर आहे, तू त्यात आरामात बसतेस. चार तासांच्या चालण्याच्या परीक्षेला मात्र नवे बूट घालून जाऊ नकोस.

आता मला खरं जे सांगायचंय ते. तुझ्या बोलण्यात जंगल असतं, बिबट्या असतो, खाकी असते. कोर्ट कधीच नसतं. आणि माझी सगळी नोकरी कोर्टात गेल्यामुळे मला ते आधी दिसतं.

वन्यजीव कायदा १९७२ चा. त्याचं कलम ५० काढून वाच, अगदी पेन्सिल घेऊन वाच. सबळ कारण असेल तर गाडी थांबवणं, झडती घेणं, माल जप्त करणं, माणूस पकडणं, हे अधिकार त्यात दिलेत. पोलिसांत ते फौजदाराच्या खालच्या माणसाला नाहीत. वनखात्यात मात्र कायदा "कोणताही वन अधिकारी" म्हणतो, त्यात वनरक्षकही आला. म्हणजे ज्या नोकरीला बाबा बारावीची म्हणतात, तिला या कायद्यात हवालदारापेक्षा जास्त हात दिलाय. हे मी त्यांना अजून सांगितलेलं नाही. योग्य वेळ बघून सांगीन.

पण हा हात कागदावर टिकवावा लागतो. मी तालुक्याच्या एका कोर्टात असताना बिबट्याच्या कातड्याची केस चालली होती. कातडं साखरेच्या पोत्यात गुंडाळून आणलं होतं, सुतळीवर लाखेचं सील. साक्षीला उभा राहिलेला वनरक्षक चांगला उंचापुरा. गिऱ्हाईक बनून सौदा ठरवला, सापळा लावला, रात्रभर दबा धरून बसला आणि आरोपींना मालासकट धरलं, हे सगळं त्यानं सरतपासात, म्हणजे आपल्याच वकिलाच्या प्रश्नांना, छान सांगितलं. मग आरोपीच्या वकिलाचा उलटतपास सुरू झाला.

"पंचनामा किती वाजता सुरू केला?"
"चार वाजता."
"संपला किती वाजता?"
त्यानं कागद मागून घेतला, बघितला, आणि म्हणाला, "चार वाजता."

तिथून सगळं घसरत गेलं. सील केलं असं पंचनाम्यात लिहिलेलं, पण कोणत्या ठशानं ते नाही, आणि सीलचा नमुना फायलीत नाही. जप्तीपासून तपासणीला पाठवेपर्यंत माल कुणाच्या ताब्यात होता त्याची नोंद नाही. एक पंच फितूर झाला, म्हणाला मला ऑफिसात बोलावून सही घेतली. दुसरा पंच आरोपीच्या वकिलांच्या ओळखीचाच निघाला, कारण तो खात्याच्या प्रत्येक केसमध्ये पंच असायचा. संशयाचा फायदा देऊन आरोपी सुटले. कातडं खोटं नव्हतं, ती माणसं निष्पाप नव्हती, आणि तो वनरक्षक तर अजिबात खोटारडा नव्हता. निकाल ऐकताना तो टोपीची कड बोटांनी चाचपत उभा होता. मी पुराव्याच्या कागदांवर निशाणी क्रमांक घालत होते, वर बघायचं मला धाडस झालं नाही.

आता हिशेब कर. बिबट्या कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत, म्हणजे सगळ्यात कडक संरक्षणाच्या यादीत. त्याच्या शिकारीला किंवा कातड्याच्या व्यापाराला कमीत कमी तीन वर्षं, जास्तीत जास्त सात, आणि २०२२ च्या दुरुस्तीनंतर दंड निदान पंचवीस हजार. एवढी शिक्षा समोर दिसत असताना आरोपी चांगला वकील देणारच. शिवाय हे खटले पोलिसांच्या दोषारोपपत्रावर चालत नाहीत, खात्याच्या अधिकाऱ्यानं फिर्याद दाखल करावी लागते. त्यामुळे चार्ज ठेवण्याआधी, म्हणजे आरोप निश्चित होण्याआधी, एकदा पुरावा होतो आणि चार्ज ठेवल्यावर पुन्हा साक्षीदाराला बोलावता येतं. म्हणजे तुझा उलटतपास दोनदा. मधल्या काळात तुझी बदली गडचिरोलीला झालेली असेल, समन्स तिथे पोचेल आणि तू रात्रभर बसचा प्रवास करून येशील, कधीकाळी लिहिलेल्या त्या पानाचं उत्तर द्यायला. तेव्हा तुला आठवणारं काहीच उपयोगी पडत नाही, लिहिलेलं तेवढं पडतं.

म्हणून पीओआर, म्हणजे वनगुन्ह्याचा पहिला अहवाल, फाडतानाच मन शांत ठेवायची सवय लाव. जागेची चतुःसीमा लिही. सुरू केल्याची वेळ आणि संपल्याची वेळ वेगवेगळी लिही, कारण ती वेगवेगळीच असते. खाडाखोड झाली तर त्यावर सही कर. पंच गावातले घे, पण दर वेळी तेच घेऊ नकोस. मोबाइलवर फोटो काढलास तर त्याचं प्रमाणपत्र लागतं. जुन्या पुरावा कायद्यातल्या कलमावरून आम्ही त्याला वर्षानुवर्षं "पासष्ट-ब" म्हणत आलो, १ जुलै २०२४ पासून ते भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ मध्ये गेलंय, पण वकील अजून पासष्ट-बच म्हणतात. आणि जप्तीत जे दिसलं तेवढंच लिही. "बिबट्याचं कातडं" असं छातीठोक लिहिण्यापेक्षा "बिबट्यासारखं दिसणारं, पिवळसर, काळे ठिपके असलेलं कातडं, लांबी अमुक" असं लिही. ते बिबट्याचंच आहे हे सांगायला डेहराडूनची वन्यजीव संस्था बसलीय.

गुन्हा दर वेळी जंगलातच सापडेल असंही नाही. तीर्थाच्या गावी लाल कपड्यात कुंकू लावून "हत्ताजोडी" विकतात, मूळ म्हणून. ते मूळ नसतं, घोरपडीच्या नराचं जननेंद्रिय वाळवलेलं असतं. आपल्या कॉलनीत एकांच्या तिजोरीत आहे. मी सांगून बघितलं, तर "आमची खरी मुळीच आहे" म्हणून त्यांनी दार लावून घेतलं.

दुसरी गोष्ट गर्दीची. ती पुस्तकात नाही. गेल्या थंडीत मामाकडे निफाडला ऊसतोड चालू असताना सरीत बिबट्याची दोन पिल्लं निघाली. मांजराएवढी, डोळे नुकते उघडलेले. अर्ध्या तासात गाव गोळा झालं. कुणी सेल्फीला पिल्लू उचलू बघतंय, कुणी "पिंजरा लावा, आईलाच धरा" म्हणून ओरडतंय, एक म्हातारे "मारून टाका" म्हणत होते आणि त्यांची शेळी आठ दिवसांपूर्वी गेलेली, तेव्हा त्यांनाही काय बोलणार? तिथे एक वनरक्षक मुलगी आली, तुझ्याच वयाची. आवाज चढवला नाही. आधी त्या म्हाताऱ्यांपाशी जाऊन शेळीच्या भरपाईचा अर्ज केला का ते विचारलं, कुठले कागद लागतील ते सांगितलं. मग पोरांना म्हणाली, हात लावू नका, माणसाचा वास नको. मामाकडून द्राक्षाचं क्रेट मागून घेतलं, हातमोजे घालून पिल्लं त्यात ठेवली आणि तोड थांबवून क्रेट संध्याकाळी त्याच सरीत नेऊन ठेवलं, समोर कॅमेरा लावून. रात्री मादी आली आणि एकेक करून दोन्ही घेऊन गेली. पिल्लं हरवली की मादी बिथरते आणि गावाभोवती घुटमळते, हे त्या मुलीनं सगळ्यांना आधीच समजावलं होतं, म्हणून दुसऱ्या दिवशी कुणी पिंजरा मागितला नाही.

शहरात हे इतकं नीट होत नाही. गंगापूर रोडला किंवा सिडकोत बिबट्या शिरला की माणसं गच्चीवरून शिट्ट्या मारतात, बिथरलेलं जनावर भिंतीवरून उडी घेतं, आणि पहिला पंजा खाकीवर बसतो. अशा वेळी वनकर्मचारी जखमी झालेत, तू बातम्या बघतेस. ताडोब्याच्या स्वाती ढुमणे नोव्हेंबर २०२१ मध्ये सर्वेक्षणाला पायी निघाल्या असताना वाघिणीच्या हल्ल्यात गेल्या. त्याही वनरक्षकच. आणि त्याच वर्षी मेळघाटात वनक्षेत्रपाल दीपाली चव्हाण यांनी वरिष्ठांच्या छळाचं लिहून ठेवून जीव दिला, ते तुला माहीत आहे, त्याबद्दल मी इथे जास्त लिहीत नाही. एवढंच, की वरिष्ठांचा त्रास झाला तर पहिल्याच दिवशी मला फोन करायचा आणि दुसऱ्या दिवशी लेखी तक्रार द्यायची, पोच घेऊन. तोंडी काही नाही.

पगार सुरुवातीला २१,७०० मूळ वेतनाचा, वर भत्ते. पुण्यात तुझ्या मैत्रिणी यापेक्षा जास्त मिळवतात, हे तू बघतेसच. सुरगाणा, पेठ, हरसूलकडे बीट मिळाली तर खोली, पाणी, रेंज, तिन्हीची बोंब. मी भिववत नाहीये, तू विचार केला असशीलच.

बाबांचं माझ्यावर सोड. कलम ५० चं मी त्यांना शनिवारी सांगीन, शनिवारी ते बऱ्या मूडमध्ये असतात. तू अधिवास प्रमाणपत्र शोध आणि नॉन-क्रीमिलेयरची मुदत तपास, तलाठ्याकडे ऐन वेळी रांग असते.

आणि एक काम देते. तुझ्या अभ्यासिकेत आठवड्यापूर्वी कुणाचा तरी चार्जर चोरीला गेला म्हणालीस ना? त्या जागेचा पंचनामा लिहून मला पाठव. चतुःसीमा, टेबल कुठे, खिडकी कुठल्या दिशेला, उजेड कसला, सुरू केल्याची वेळ, संपल्याची वेळ, दोन पंचांच्या सह्या. टाइप केलेला नको, हातानं लिहिलेला. मी आरोपीच्या वकिलासारखा वाचून लाल पेननं परत पाठवते.

तुझी,
आई