पिंजरा लावून काय झालं होतं, बाबा?

ती. आई-बाबांस,
शि. सा. नमस्कार.

परवाच्या व्हिडिओ कॉलवर आमच्या मागच्या अंगणात तो प्राणी दिसला आणि आईच्या तोंडचं पाणीच पळालं. लांडगा नव्हता गं तो. त्याला कायोटी म्हणतात. आपल्या कोल्ह्याहून थोराड, लांडग्याहून बारीक. थंडीतल्या दाट केसांमुळे आडवातिडवा दिसतो, पण वजन भरतं दहा ते सोळा किलो. फोन ठेवल्यावर आम्ही खिडकीतून बघत बसलो. बर्फावर मान तिरकी करून तो बराच वेळ कान लावून उभा राहिला, मग चारही पाय एकदम उचलून उडी मारली, बर्फात थेट डोळ्यांपर्यंत तोंड खुपसलं आणि उंदीर घेऊन वर आला. ईशान टाळ्या वाजवत होता. कायोटीने आमच्याकडे एकदा पाहिलं आणि तो कुंपणापलीकडे निघून गेला.

तुम्ही मे महिन्यात येताय. इथे असे शेजारी आहेत हे आधीच सांगितलेलं बरं, नाहीतर आई मला अंगणातसुद्धा जाऊ द्यायची नाही.

शिकागोत ते नवे नाहीत. 2007 साली एक कायोटी भर शहरातल्या सँडविचच्या दुकानात शिरला आणि थंड पेयांच्या फ्रिजमध्ये बाटल्यांवर जाऊन पडून राहिला. कुणाला चावला नाही, ओरबाडलं नाही. ओहायो स्टेट विद्यापीठाचे वन्यजीव अभ्यासक स्टॅन्ली गेर्ट 2000 सालापासून इथल्या कायोटींना पट्टे बांधून त्यांचा माग काढताहेत. हजाराहून जास्त जनावरं झाली त्यांची. त्यातून कळलं ते असं की शहरातला कायोटी मुख्यतः उंदीर, ससे, हरणाची पिल्लं, पडलेली फळं खातो. बाबा, मागच्या वेळी तळ्याकाठच्या पायवाटेवर हंसांनी जी घाण केली होती आणि तुम्ही दोन दिवस चिडला होतात, त्या हंसांची अंडीसुद्धा हाच खातो. म्हणजे तुमच्याच पक्षाचा आहे.

"नगरपालिका पिंजरा का लावत नाही? धरून लांब जंगलात सोडा म्हणावं," असं तुम्ही म्हणालात. बाबा, हे तुम्ही म्हणावं? आपल्या जुन्नरला 2001 नंतर तेच केलं होतं ना. उसातले बिबटे धरायचे आणि लांबच्या रानात नेऊन सोडायचे. बिबट्यांच्या अभ्यासक विद्या अत्रेय आणि त्यांच्या सोबत्यांनी नंतर हिशेब मांडला, तर माणसांवर वर्षाला सरासरी चार हल्ले होत ते सतरावर गेले होते. जिथे सोडले त्या भागातही हल्ले होऊ लागले. जनावर बावचळतं, अनोळखी मुलखात भटकतं, आणि त्याची मोकळी झालेली जागा दुसरं कुणीतरी येऊन धरतं. कायोटीचंही तसंच. जोडीने हद्द राखून राहतात, त्यातला एक मारला की एकटे फिरणारे तरुण टपलेलेच असतात. सरकारी खातं या देशात दरवर्षी हजारोंनी कायोटी मारतं, आणि तरी हवाई सोडून एकूणएक राज्यात ते आहेत. त्यातून इथे पिंजऱ्यात सापडलेला कायोटी कुणी रानात नेऊन सोडत नाही, बहुधा मारतातच.

बिबट्याची आणि याची बरोबरी मी करत नाही. आपल्याकडे माणसं गेली आहेत, पोरं गेली आहेत, आणि ज्याच्या घरातलं गेलं त्याला सहजीवनाचे धडे द्यायला मी कोण? अमेरिका आणि कॅनडा मिळून कायोटीने माणूस मारल्याच्या नोंदी दोनच आहेत, 1981 ची एक आणि 2009 ची एक. चावे मात्र घेतो कधीकधी. त्यातल्या बऱ्याच ठिकाणी आधी कुणीतरी त्याला खायला घालून धीट केलेलं असतं.

आणि इथे मी आईकडे वळते. आई, तू रोज सकाळी मागच्या पायरीवर भात आणि चपातीचे तुकडे ठेवायचीस. खारी येतात, पाखरं येतात, तुला बरं वाटतं, मला माहीत आहे. पण उरलेलं उंदीर नेतात आणि उंदरांमागे हा येतो. आम्ही पाखरांच्या दाण्याची नळीसुद्धा काढून ठेवली, कचऱ्याच्या डब्याला पट्टा लावला (तो खरं तर रकूनसाठी, मेले हाताने झाकण उघडतात). तुला ठेवायचंच असेल तर लख्ख उजेडात मूठभर ठेव, समोर बसून राहा आणि पाखरं उठली की ताटली आत आण. रात्री काहीही बाहेर नको.

बाबा, टफीला फिरवायचं काम तुमचंच. पट्टा आखूड धरा, संध्याकाळी सोडू नका. एप्रिलमध्ये कायोटींना पिल्लं होतात. मे-जूनमध्ये कुत्रा दिसला की जोडीतलं एखादं थोडं अंतर ठेवून मागे चालत येतं. ते शिकारीला येत नाही, आपल्याला बिळापासून लांब घालवायला येतं. टफीला उचलून घ्यायचं, पाठ न दाखवता हळूहळू मागे सरायचं आणि वाट बदलायची. पळायचं नाही. पिल्लं नसताना उगाच रेंगाळला तर हात वर करून खच्चून ओरडा, काठी आपटा. मराठीत ओरडलात तरी चालेल, माकडांवर ओरडता तेवढा आवाज पुरे. रात्री अँब्युलन्सचा भोंगा वाजला की ते सूर लावतात. दोघंच असतात, पण वाटतं दहा-बारा आहेत. पहिल्या रात्री दचकाल, म्हणून आत्ताच सांगते.

आता माझी पाळी. दिवसा वीज नाही म्हणून तुम्ही अजून रात्री मोटर चालू करायला एकटेच जाता, असं आईच्या बोलण्यातून निसटलं. मोबाईल स्टार्टर बसवून घ्या म्हणून मी कधीची मागे लागले आहे. पैसे आज पाठवलेत, तुम्ही येण्याआधी काम झालं पाहिजे. दारं धरायला जावंच लागेल तेव्हा कुणाला तरी सोबत घ्या, मोठी बॅटरी घ्या, मोबाईलवर भजनं लावा मोठ्याने. उसाच्या कडेला वाकून काम करू नका. शेळ्यांच्या गोठ्याला वरूनही जाळी लागते, नुसत्या बाजूंनी नाही. तुम्ही इकडे असताना गोठा कोण बघणार आहे ते ठरलं की कळवा, मी त्यांच्याशी फोनवर बोलते.

तुमची,
मनीषा