खुब्याचा गोळा पिवळ्या पिशवीत का?

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

गेल्या महिन्यात माझ्या आईचा झिजलेला खुबा बदलण्यात आला. शस्त्रक्रियेनंतर डॉक्टरांनी काढलेला मांडीच्या हाडाचा गोळा स्टीलच्या वाटीत घालून मला दाखवला. मोठ्या लिंबाएवढा तो गोळा एका अंगाने कूर्चा पार घासून जाऊन हस्तिदंतासारखा गुळगुळीत झाला होता. याचे पुढे काय, असे विचारल्यावर ‘पिवळ्या पिशवीत’ एवढेच उत्तर मिळाले. पिवळी पिशवी म्हणजे जैववैद्यकीय कचरा. तिची वाट थेट भट्टीकडे जाते.

वास्तविक हाडातील गाठ काढल्यावर राहणारी पोकळी भरण्यासाठी, किंवा सैल झालेला कृत्रिम सांधा नव्याने बसवताना भोवतालची झीज भरून काढण्यासाठी असे दान केलेले हाड वापरता येते. प्रक्रिया केलेल्या हाडात जिवंत पेशी नसतात. वेलीला मांडव असावा तसे ते असते, आणि रुग्णाचे स्वतःचे हाड हळूहळू त्यात शिरून त्याची जागा घेते. म्हणूनच मूत्रपिंडाच्या रोपणाप्रमाणे प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे जन्मभर घ्यावी लागत नाहीत. रुग्णाचे स्वतःचे हाड अधिक चांगले, हे मान्यच आहे. पण ते कमरेतून मोजकेच निघते आणि त्यासाठी दुसरी जखम करावी लागते. माझ्या चुलतभावाच्या नडगीचे हाड जुळेना म्हणून तसे केले, तेव्हा पायापेक्षा कमरच त्याला अधिक दिवस सलत होती.

हे तंत्र आपल्याकडे नवे नाही. मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयात १९८८पासून ऊतिपेढी, म्हणजे दान केलेली हाडे व इतर ऊती साठवणारी पेढी, आहे आणि तेथे हाडे गॅमा किरणांनी निर्जंतुक केली जातात. अवयव प्रत्यारोपणाच्या १९९४च्या कायद्यात २०११च्या दुरुस्तीने ऊतींचाही समावेश झाला. अडते ते हाड गोळा करण्यापाशी. दात्याच्या एचआयव्ही व काविळीच्या ज्या तपासण्या लागतात, त्यांतील बऱ्याचशा शस्त्रक्रियेपूर्वी होतच असतात. संमती मात्र कोणी मागत नाही.

निदान शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांनी तरी खुबा बदलणाऱ्या प्रत्येक रुग्णाला ही विचारणा करावी आणि हाड शीतगृहात साठवून पेढीकडे पोहोचवण्याची सोय आरोग्य विभागाने लावून द्यावी. आईने भरतीच्या दिवशी आठ-नऊ कागदांवर सह्या केल्या होत्या. त्यांत आणखी एकाची भर तिला जड गेली नसती.

आपला,
एक वाचक, सांगली