तिजोरीत पैसा असतो, मंजुरी नसते

महोदय,

ऑक्टोबर-नोव्हेंबर २०२५ मध्ये अमेरिकी सरकारचे कामकाज ४३ दिवस ठप्प होते, तेव्हा पुण्याहून मावशीचा फोन आला : "अगं, तुमच्या सरकारकडचे पैसे संपले का?" तिचे चुकले असे नाही, बातम्या वाचून तसेच वाटते. पण पैसे संपलेले नसतात. कायद्याने मंजुरी दिल्याशिवाय तिजोरीतून रक्कम काढता येत नाही, असे इथली राज्यघटना सांगते. ही मंजुरी १२ वेगवेगळ्या विनियोजन विधेयकांतून मिळते आणि ती आर्थिक वर्ष सुरू होते त्या १ ऑक्टोबरच्या आत लागते.

राष्ट्राध्यक्ष मांडतात तो अर्थसंकल्प केवळ प्रस्ताव असतो. कुठल्या खात्याला किती, हे दोन्ही सभागृहांच्या विनियोजन समित्या ठरवतात, आणि पुढे सिनेटमध्ये चर्चा थांबवून मतदान घ्यायलाच १०० पैकी ६० मते लागतात. १९७४ च्या कायद्याने आजचे वेळापत्रक आखले. तेव्हापासून सगळी विधेयके वेळेत मंजूर झाली अशी वर्षे अवघी चार! बाकी सारा कारभार हंगामी मुदतवाढीवर. नोव्हेंबर २०२५ मध्ये कोंडी फुटली तेव्हाही वर्षभराची मंजुरी तीनच विधेयकांना मिळाली. उरलेल्या खात्यांना ३० जानेवारी २०२६ पर्यंतची मुदत मिळाली.

आपल्याकडे अनुदानाची मागणी लोकसभेने फेटाळली तर सरकारलाच जावे लागेल, आणि ३१ मार्चपर्यंत काम उरकले नाही तर लेखानुदान, म्हणजे काही काळाच्या खर्चाची आगाऊ मंजुरी, आहे. इथे कोंडी झाली तरी कुणाची खुर्ची जात नाही. शिवाय कार्यालयांना टाळे लावण्याची रीत काही घटनेइतकी जुनी नाही. १९८० पर्यंत मंजुरी रखडली तरी बहुतेक कामे चालू राहत. त्या वर्षी अॅटर्नी जनरल बेंजामिन सिव्हिलेटी यांनी मंजुरीविना खर्च करण्यास मनाई करणाऱ्या १८८४ च्या कायद्याचा कडक अर्थ लावला, तेव्हापासून हे सुरू झाले.

माझी शेजारीण केंद्र सरकारच्या नोकरीत आहे. १ ऑक्टोबरला ती चार तासांसाठी ऑफिसला गेली, ईमेलवर 'रजेवर आहे' असा निरोप लावला आणि टेबलावरची तुळशीची कुंडी उचलून घरी आली. तिला थकलेला पगार मिळाला. २०१९ मध्ये तसा कायदाच झाला आहे. पण तिच्याच मजल्यावर साफसफाई करणाऱ्या बाई कंत्राटदाराकडच्या. त्यांना तो कायदा लागू नाही, त्यांचे सहा आठवडे बुडाले ते बुडालेच. त्या कायद्यात कंत्राटी कामगारांचा समावेश व्हावा, म्हणून मी माझ्या मतदारसंघाच्या प्रतिनिधीला पत्र लिहिले आहे. इथल्या मतदार मराठी मंडळींनीही लिहावे.

– एक वाचक, मेरीलँड (अमेरिका)