नौपाड्यातल्या त्या चौघांचे मनापासून आभार

गेल्या महिन्यात ऐन पावसात माझं पिनबॉल मशीन, म्हणजे चेंडू टोलवत गुण मिळवायच्या खेळाचं यंत्र, टेम्पोतून उतरवायचं होतं, आणि इमारतीची लिफ्ट बंद. शिकागोच्या गॉटलिब कंपनीचं, १९७०च्या दशकातलं, शंभर किलोंच्या आसपास वजनाचं. चेंडू टोलवणारे फ्लिपर पिनबॉलमध्ये आणले ते याच कंपनीने, १९४७मध्ये.

वडापावच्या गाडीजवळ उभे असलेले तुम्ही चौघं न बोलावता आलात. मशीनचे पाय काढून, पट्टे बांधून तीन जिने चढवलंत. समोरच्या उभ्या काचेवरचं चित्र मागच्या बाजूने छापलेलं असतं. ओल लागली की रंगाचे पापुद्रे सुटतात. हे कळताच तुमच्यातल्या एका दादांनी अंगातला रेनकोट काढून काचेला गुंडाळला. स्वतः नखशिखांत भिजले. चित्राचा टवकाही उडाला नाही!

वागळे इस्टेटमधले वाइंडिंगवाले काका, मशीनमधली जळालेली कॉइल तुम्ही वेढे मोजून पुन्हा गुंडाळलीत आणि मजुरी घेतली नाहीत. तुमचेही आभार.

काल रात्री गुणांची चाकं खडखडत फिरली, घंटा वाजली. आई दोन डाव खेळली.

दादा, नाव विचारायचं राहिलं. रेनकोट वाळवून ठेवलाय. न्यायला या, चौघंही या, खेळून जा.