फोन केल्यावर येणारी गाडी आमच्या कॉलनीलाही हवी

संपादक साहेब, नमस्कार,

आपल्या इंदूरच्या मेट्रोच्या बातम्या आम्ही आवडीने वाचतो, 31 मे 2025 ला गांधीनगरकडून सुरू झाली तेव्हा खूप आनंद झाला होता. पण आम्ही राहतो कनाडियाच्या बाजूला, नव्या कॉलनीत, तिथून साधी सिटी बस पकडायची तरी मेन रोडपर्यंत दोन किलोमीटर चालावं लागतं. 2014 मध्ये 29 गावं शहरात आली, वस्ती वाढली, पण आमच्या गल्लीपर्यंत अजून ना बस ना व्हॅन. शेजारच्या मावशींचं डायलिसिस आठवड्यातून दोनदा असतं, रिक्षावाला म्हणतो तिकडून रिटर्न सवारी मिळत नाही, डबल लागतील, आणि खोटं नाही बोलत तो, त्यालाही घर चालवायचंय.

मोठी बस आमच्याकडे दिवसभर रिकामी फिरेल हे मलाही कळतं. म्हणून छोटी व्हॅन ठेवा, तासभर आधी फोन करायचा, आसपासच्या तीन-चार कॉलन्यांतले लोक एकत्र घ्यायचे आणि बस स्टॉपवर नाहीतर दवाखान्यात सोडायचं. वेल्समध्ये 2020 पासून सरकारी पैशातून फ्लेक्सी नावाची अशीच सेवा चालते, अ‍ॅपवर पण बुक होते आणि फोनवर पण. आपल्याकडे फोन हवाच हवा, मावशींना अ‍ॅप कुठून जमणार.

पैशाचं म्हणाल तर सवारी भरली तरच ड्रायव्हरला कमाई, असं ठेवलं तर गाडी पुन्हा गर्दीच्याच रस्त्यावर पळेल, ई-रिक्षांचं तेच तर होतं. पीएम ई-बस सेवेत केंद्र सरकार बस चालवायला किलोमीटरच्या हिशोबाने मदत देतं, तीही 10 वर्षं, योजना 57,613 कोटींची आहे. तसाच किलोमीटरचा हिशोब या व्हॅनला लावा, थोडा नगर निगमने, थोडा राज्याने उचलावा, आणि भाडं सिटी बसएवढंच ठेवा. त्यातून नफा निघणार नाही हे आधीच मान्य करून टाका, गल्लीतल्या लाइटमधून तरी कुठे नफा निघतो?

सुरुवातीला दोनच व्हॅन द्या, पण रात्री साडेनऊपर्यंत चालवा. कोचिंगहून येणाऱ्या आमच्या मुलींना घ्यायला रोज घरातलं कोणीतरी गाडी काढून मेन रोडवर उभं असतं, ज्यांच्या घरी गाडी नाही त्यांच्या मुलींनी संध्याकाळची बॅच सोडलीये.

एक वाचक, इंदूर