डोळ्याची नस आणि सलाईनमधले स्टेरॉइड

संपादक महोदय,

डोळ्याच्या नसेला मार लागल्यावर दृष्टिपटलात (डोळ्याच्या आतल्या पडद्यात, म्हणजे रेटिनात) जो दाह सुरू होतो, त्यावरचा लेख आपल्या आरोग्य पुरवणीत वाचला. हा विषय मराठी वृत्तपत्रात सहसा येत नाही, म्हणून आधी आभार. पण ‘दाह आवरला की नजर परत’ हा त्याचा सूर काही पटला नाही.

माझी सारी नोकरी ग्रामीण रुग्णालयात नेत्र चिकित्सा अधिकारी म्हणून झाली. दुचाकीवरून पडून भुवईला मार लागलेली पोरे कायम यायची. त्यातला एक उसाच्या ट्रॉलीला मागून धडकलेला. भुवईला टाके, मेंदूचा सीटी स्कॅन नॉर्मल, डोळा वरून स्वच्छ. एका खासगी दवाखान्यात सलाईनमधून दाह दाबणारे स्टेरॉइड भरपूर देऊन झाले होते. बापाने त्यासाठी दुभती म्हैस विकली होती. दोन्ही डोळ्यांवर आळीपाळीने टॉर्च फिरवला, तर त्या डोळ्यावर उजेड येताच बाहुली आकसायची सोडून मोठी व्हायची. आत नसेचे तोंड पांढुरके पडू लागलेले. ‘साहेब, डोळा तर चांगला दिसतोय, मग नस सुकली कधी?’ असे बाप विचारत होता.

प्रश्न अगदी नेमका होता. मार भुवईवर बसतो, पण धक्का कवटीतल्या हाडाच्या अरुंद नळीपर्यंत पोचतो. नस तिथे जखडलेली असल्याने तिथेच दुखावते. तिच्यात दहा-बारा लाख तंतू असतात आणि त्यांच्या मूळ पेशी दृष्टिपटलात. तंतू मागे तुटला की पुढची पेशी हळूहळू मरते. म्हणून पहिल्या दिवशी फंडस (डोळ्याचा आतला मागचा भाग) बहुधा निर्दोष दिसतो, फिकेपणा यायला चार ते सहा आठवडे जातात. दृष्टिपटलातला दाह याच मधल्या काळातला.

आता हा दाह वाईटच का? अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात बेन बॅरेस यांच्या प्रयोगशाळेने 2017 मध्ये दाखवले, की मायक्रोग्लिया या राखणदार पेशी चेतल्या की तीन पदार्थ सोडतात आणि त्यांमुळे शेजारच्या अ‍ॅस्ट्रोसाइट पेशी मारक बनतात. उंदरांत ही साखळी तोडली तेव्हा नस चिरडूनही दृष्टिपटलातल्या पेशी तगल्या. आपल्या लेखात एवढेच आले. पण बोस्टनचे संशोधक लॅरी बेनोविट्झ गेली कित्येक वर्षे याच्या उलट्या बाजूवर काम करत आहेत. त्यांच्या प्रयोगांत उंदराच्या डोळ्यात मुद्दाम दाह पेटवला, तर बाहेरून आलेल्या पांढऱ्या पेशींनी ऑन्कोमॉड्युलिन नावाचे प्रथिन सोडले आणि तुटलेले तंतू पुन्हा वाढू लागले. म्हणजे दाहाचा कोणता भाग दाबायचा आणि कोणता राखायचा, हा खरा पेच आहे. स्टेरॉइडला एवढी निवड कुठली जमायला? ते सरसकट सगळेच दाबते.

माणसांतला अनुभवही सांगतो. 1999 मध्ये प्रसिद्ध झालेल्या आंतरराष्ट्रीय पाहणीत डोळ्याच्या नसेला मार लागलेले 133 रुग्ण होते. स्टेरॉइडचा किंवा नसेवरचा दाब कमी करण्याच्या शस्त्रक्रियेचा स्पष्ट फायदा दिसला नाही. काहींची नजर उपचारांशिवायही थोडी सुधारते, आणि श्रेय सलाईनला जाते. ‘क्रॅश’ चाचणी तर डोक्याला मार लागलेल्या 10,008 रुग्णांवर झाली. जोरदार स्टेरॉइड दिलेल्यांत दोन आठवड्यांत 21.1 टक्के दगावले, न दिलेल्यांत 17.9 टक्के. भुवईला मार लागलेल्या पोराच्या डोक्यालाही बहुतेक वेळा मार असतोच, हे विसरून कसे चालेल?

लेखात एक साधी गोष्ट यायला हवी होती. पापणी सुजून बंद होण्याआधी अपघात विभागातच दोन्ही बाहुल्यांवर टॉर्च मारून पाहावा, रुग्ण शुद्धीवर असेल तर एकेक डोळा झाकून बोटे मोजायला लावावीत आणि ते केसपेपरवर वेळेसह लिहावे. नजर पहिल्यापासून गेली की नंतर घसरत गेली, हे पुढच्या डॉक्टरला त्यावरूनच कळते. हाडाचा तुकडा किंवा रक्ताची गाठ नस दाबत असेल, तर निर्णय या नोंदीवर ठरतो. याला पैसे लागत नाहीत. तरी टाके घालायच्या घाईत हेच राहून जाते.

पुढच्या पुरवणीत मेंदू आणि नेत्र या दोन्हींचा अभ्यास असलेल्या तज्ज्ञाकडून यावर लिहून घ्यावे, ही विनंती.

एक निवृत्त नेत्र चिकित्सा अधिकारी,
जि. सांगली