दाह खरा, पण गोळीचा सल्ला चुकीचा

संपादक महोदय,

‘कर्करोगाचे मूळ दाहात असते, म्हणून सुजेवरची गोळी रोज घ्या’ हा सल्ला आता फुप्फुसाच्या कर्करोगाच्या रुग्णांच्या घरोघरी पोहोचला आहे. त्याचा पहिला अर्धा भाग बराचसा खरा आहे आणि त्यामुळेच दुसऱ्यावर लोकांचा चटकन विश्वास बसतो.

मुद्दा दाहात भाग घेणाऱ्या प्रोस्टाग्लँडिन या द्रव्यांचा आहे. ही द्रव्ये संप्रेरकांसारखी असली तरी ग्रंथीतून निघून रक्तावाटे लांब जात नाहीत. जिथे तयार होतात तिथेच शेजारच्या पेशींना निरोप देऊन ती संपतात. पेशीच्या आवरणातील अ‍ॅरॅकिडॉनिक आम्ल या २० कार्बनच्या मेदाम्लापासून कॉक्स नावाची विकरे (रासायनिक क्रिया घडवणारी प्रथिने, एन्झाइम) त्यांची सुरुवात करतात. सुजेवरच्या गोळ्या याच विकरांना रोखतात. कॉक्स-१ बहुतेक पेशींत कायम असते, तर कॉक्स-२ मुख्यतः इजा किंवा दाह झाला की वाढते. फुप्फुसाच्या कर्करोगात, विशेषतः अ‍ॅडिनोकार्सिनोमा प्रकारात, कॉक्स-२ पुष्कळदा वाढलेले आढळते. त्याच वेळी प्रोस्टाग्लँडिन ई-२ मोडून टाकणारे विकर अनेक गाठींत घटलेले असते. नळ सोडलेला आणि मोरी तुंबलेली, अशी ती अवस्था. साचलेले ई-२ गाठीला नव्या रक्तवाहिन्या मिळवून देते, तिच्या पेशींचे मरण लांबवते आणि त्यांच्यावर चालून येणाऱ्या टी-पेशींना, म्हणजे शरीराच्या प्रतिकारक पेशींना, मंद करते.

‘मग रक्तात ई-२ मोजून घेऊ’ असे कुणी म्हणेल. त्या आकड्यावर विसंबता येत नाही. रक्त फुप्फुसातून एकदा फिरले की त्यातले बहुतेक ई-२ नष्ट होते. शिवाय रक्त काढताना आणि नमुना ठेवून दिल्यावर रक्तपेशी स्वतःच नवे प्रोस्टाग्लँडिन बनवतात. शस्त्रक्रियेत काढलेल्या गाठीचेही तसेच आहे. तुकडा कापताक्षणी त्यात नव्याने निर्मिती सुरू होते. म्हणून संशोधनात तो लगेच द्रवरूप नायट्रोजनमध्ये गोठवतात, उणे ८० अंशांवर ठेवतात आणि तुकडा कुटून बारीक करताना द्रावणात इंडोमेथॅसिन हे कॉक्स रोखणारे औषध घालून विकर बंद पाडतात. यात हयगय झाली तर मोजमाप गाठीचे न होता हाताळणीचे होते. लघवीतील ई-२चा अवशेष त्यामानाने विश्वासार्ह आहे, पण तोही नेहमीच्या उपचारात वापरला जात नाही.

आता औषधाचे पाहू. कॉक्स-२ रोखणारे सेलेकॉक्सिब केमोथेरपीबरोबर देऊन अमेरिकेत मोठी चाचणी झाली. ज्यांच्या गाठीत कॉक्स-२ जास्त होते असेच रुग्ण मुद्दाम निवडले होते आणि मात्रा ४०० मिलिग्रॅम, दिवसातून दोनदा होती. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत आयुर्मान वाढलेले दिसले नाही. प्रयोगशाळेतल्या पेशी आणि पसरलेला कर्करोग यांत हा एवढा फरक पडतो. कॉक्स-२ रोखण्याची किंमतही असते. रक्तवाहिन्यांचे रक्षण करणारे प्रोस्टासायक्लिनही त्यामुळे घटते. याच गटातले रोफेकॉक्सिब हृदयविकाराच्या धोक्यामुळे २००४ मध्ये बाजारातून मागे घ्यावे लागले.

दाहाच्या दुसऱ्या एका दूताचा, इंटरल्यूकिन-१ बीटाचा, अनुभवही असाच आहे. हृदयविकाराच्या १० हजारांहून अधिक रुग्णांवरील चाचणीत (२०१७) तो रोखणाऱ्या कॅनाकिनुमॅबने फुप्फुसाच्या कर्करोगाचे प्रमाण घटलेले दिसले, पण जीवघेणे संसर्ग वाढले. पुढे कर्करोग झालेल्या रुग्णांवर ते वापरले तेव्हा मोठ्या चाचण्यांत अपेक्षित फायदा मिळाला नाही. रोग होण्याआधी दाह रोखणे आणि झालेला रोग परतवणे ही दोन वेगळी कामे आहेत, हे यातून नीट कळते. आपल्याकडच्या बातम्यांत नेमका हाच फरक गळतो. अशी बातमी छापताना प्रयोग पेशींवर, उंदरांवर की रुग्णांवर झाला, आणि रुग्णांवर झाला असेल तर कोणत्या टप्प्यावरच्या, एवढे तरी पहिल्या परिच्छेदात द्यावे, अशी आमची कळकळीची विनंती आहे.

केमोथेरपी चालू असलेल्यांच्या घरच्यांसाठी महत्त्वाचे: डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन, अ‍ॅसिक्लोफेनॅक या मेडिकलमध्ये सहज मिळणाऱ्या गोळ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नका. सिस्प्लॅटिन या केमोथेरपीच्या औषधासोबत त्या मूत्रपिंडाला दुहेरी मार देतात. पेमेट्रेक्सेड हे केमोथेरपीचे दुसरे औषध शरीराबाहेर टाकण्याचे काम मूत्रपिंड करते. मूत्रपिंड थोडे कमकुवत असेल तर आयबुप्रोफेन त्या औषधाच्या २ दिवस आधीपासून २ दिवस नंतरपर्यंत टाळायचे असते. प्लेटलेट घटलेल्या असताना या गोळ्यांनी रक्तस्राव होऊ शकतो. आणखी एक धोका सहसा कुणी सांगत नाही. या गोळ्या, तसेच पॅरासिटामॉलही, ताप दाबतात. पांढऱ्या पेशी घटलेल्या रुग्णात १००.४ अंश फॅरनहाइट ताप ही तातडीची बाब असते, म्हणून आधी थर्मामीटर लावा, रुग्णालयाला कळवा, गोळीचे त्यांना विचारा. हृदयरोगासाठी डॉक्टरांनी दिलेली अ‍ॅस्पिरिन मात्र हे पत्र वाचून परस्पर बंद करू नका.

आपले,
औषधशास्त्राचे काही अध्यापक, पुणे